भरवशाच्या गाड्यांची क्रमवारी नेमकं काय मोजते?

ऑगस्ट २०१५ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन संस्थेनं टेस्लाच्या मॉडेल एस पी८५डी या गाडीला १०० पैकी १०३ गुण दिले. मोजपट्टीच तोकडी पडली, म्हणून त्यांना गुण देण्याची पद्धत बदलावी लागली. दोनच महिन्यांनी याच संस्थेनं मॉडेल एसवरची आपली शिफारस काढून घेतली. मालकांनी भरून दिलेल्या सर्वेक्षणात बिघाड सरासरीपेक्षा जास्त निघाले होते. मोटर-गिअरचं युनिट, चार्जिंगची यंत्रणा, मधली मोठी स्क्रीन, शिवाय बॉडी आणि सनरूफची खडखड आणि गळती. आणि त्याच वेळी ९७ टक्के मालक म्हणत होते की पुन्हा गाडी घ्यायची झाली तर हीच घेऊ.

एक गाडी, एक संस्था, एकच वर्ष आणि तीन वेगळे निकाल. तिन्ही बरोबर. पहिल्यात गाडी चालवायला कशी आहे ते मोजलं, दुसऱ्यात ती किती वेळा बिघडते ते आणि तिसऱ्यात मालक खूश आहे का ते.

आपण मात्र ‘गाडी भरवशाची आहे का’ या एका प्रश्नात हे सगळं कोंबतो. वर आणखी दोन गोष्टी घालतो: बिघडलीच तर जवळ कुठे दुरुस्त होते, आणि विकताना काय किंमत येते. मग कुठल्या तरी यादीत एखादी कंपनी पहिली दिसते आणि शेजारचे काका म्हणतात, ‘अहो, माझ्याकडे तीच आहे, दर दोन महिन्यांनी गॅरेजात असते.’ यादी खोटी की काका खोटे, असा वाद सुरू होतो. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे असतात.

यादीपासून सुरुवात करू. जगात सर्वात जास्त मिरवली जाणारी नावं म्हणजे जे. डी. पॉवर आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स.

जे. डी. पॉवर ही १९६८ साली सुरू झालेली व्यावसायिक कंपनी. तिचे दोन अभ्यास लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. एकात नवी गाडी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांत काय काय खटकलं ते विचारतात. दुसऱ्यात गाडी तीन वर्षांची झाल्यावर मागच्या वर्षभरातल्या तक्रारी विचारतात. दोन्हींत हिशेब एकच, १०० गाड्यांमागे किती समस्या. आकडा जितका लहान तितकं चांगलं. जाहिरातीत ‘गुणवत्तेत प्रथम’ असं झळकतं तेव्हा ते पहिल्या ९० दिवसांचं आहे की तिसऱ्या वर्षाचं, हे तळाशी बारीक अक्षरात असतं. हा पुरस्कार जाहिरातीत वापरायचा तर कंपनीला त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, हेही लक्षात असू द्या. म्हणून अभ्यास बनावट ठरत नाही, पण जाहिरातीत तो कुठून कापून लावलाय ते बघायला हवं.

२०२५ च्या तीन वर्षांच्या अभ्यासात सगळ्या ब्रँडची सरासरी १०० गाड्यांमागे २०२ होती आणि पहिल्या आलेल्या लेक्ससचा आकडा १४०. फरक दणदणीत वाटतो. आता १०० नं भागा. सरासरी गाडीत वर्षाला दोन तक्रारी, सर्वोत्तम गाडीत दीडच्या आत. म्हणजे अव्वल ब्रँडच्या मालकालाही वर्षात एखादी तक्रार असतेच. यादीच्या मधल्या भागात तर सातवा आणि अकरावा यांच्यातला फरक इतका बारीक असतो की पुढच्या वर्षी ते जागा बदलले तरी कारखान्यात काहीच बदललेलं नसतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इथे ‘समस्या’ कशाला म्हणायचं? गिअरबॉक्स बसला ही एक समस्या. फोन ब्लूटूथला जोडायला त्रास होतो, हीसुद्धा एक समस्या. दोन्ही यादीत एकेकच मोजल्या जातात. याचा सर्वात गाजलेला फटका फोर्डला बसला. २०१० मध्ये फोर्ड ९० दिवसांच्या अभ्यासात पाचव्या क्रमांकावर होती, २०११ मध्ये एकदम २३ व्या. एका वर्षात सगळी इंजिनं बिघडली होती का? तसं काही नव्हतं. नव्या गिअरबॉक्सच्या वागण्याबद्दल काही तक्रारी होत्या, पण मोठा वाटा ‘मायफोर्ड टच’ या स्क्रीनचा होता. लोकांना ती वापरताच येईना, मधेच अडकायची. रस्त्यात गाडी बंद पडण्याची भीती ज्याला आहे त्याच्या दृष्टीनं ही घसरण जवळपास निरर्थक. गेल्या काही वर्षांच्या अभ्यासांतही सर्वाधिक तक्रारी स्क्रीन, आवाजी आज्ञा आणि फोनजोडणी याच खात्यात पडतात. तेव्हा यादीत खालच्या ब्रँडकडे बघताना आधी विचारायचं की खाली कशामुळे आहे.

कन्झ्युमर रिपोर्ट्सचं वेगळं आहे. १९३६ पासूनची ही ना-नफा संस्था जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या शोरूममधून स्वतःच्या पैशांनी विकत घेते. बिघाडांची माहिती मात्र ती आपल्या सभासदांकडूनच गोळा करते. तीन लाखांहून जास्त गाड्या, २० प्रकारचे बिघाड आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या बिघाडाला सैल झालेल्या पट्टीपेक्षा जास्त वजन. माझ्या मते क्रमवारी करायचीच तर ही पद्धत जास्त शहाणी आहे. २०२४ च्या शेवटी त्यांच्या यादीत टोयोटा आणि लेक्ससना मागे टाकून सुबारू पहिल्यांदाच वर आली. कारण अगदी कंटाळवाणं आहे. सुबारू आपल्या गाड्या हळूहळू बदलते, आणि बरेचसे पार्ट तिच्या सगळ्या मॉडेलमध्ये तेच असतात. नवं कमी, म्हणून नवे बिघाडही कमी.

जर्मनीत याहून निराळा मार्ग आहे. तिथे मालकाला काही विचारतच नाहीत. नवी गाडी तीन वर्षांची झाली की आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते, आणि त्या लाखो तपासण्यांतून ‘ट्यूफ’ ही तपासणी करणारी संस्था दरवर्षी अहवाल काढते. मालकाची आठवण, राग, प्रेम, काहीच मधे येत नाही. पण सापळा इथेही आहे. तपासनीस ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, गळती बघतो. मागच्या महिन्यात तुम्ही लाखभर रुपये देऊन गिअरबॉक्स उघडला असेल तर तो त्याच्या कागदावर उमटत नाही. २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये टेस्ला मॉडेल ३ शेवटची आली, १४.७ टक्के गाड्यांत मोठे दोष. त्यात ब्रेक आणि दिव्यांचा वाटा मोठा होता. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटरच वापरते, त्यामुळे ब्रेकच्या डिस्क क्वचित घासल्या जातात आणि गंजतात. शिवाय टेस्ला ठरावीक काळानं सर्व्हिसिंगची सक्ती करत नाही. बाकी गाड्या तपासणीच्या आधी सर्व्हिस सेंटरमधून पुसून-पासून जातात, ही थेट तपासनीसापुढे उभी राहते.

तिथलाच एडीएसी हा मोटारमालकांचा संघ रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी ठेवतो. २०२३ मध्ये त्यांच्याकडे सुमारे ३५ लाख फोन आले आणि त्यातले ४४ टक्के निव्वळ १२ व्होल्टची बॅटरी बसल्याचे. इंजिन, टर्बो, क्लच ही आपली सगळी भीती उरलेल्या हिश्श्यात.

आणि आपल्याकडे? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तोवर पीयूसी सोडलं तर गाडी कुठल्याही सरकारी तपासणीला उभी राहत नाही, पासिंगची वेळ थेट पंधराव्या वर्षानंतर येते. म्हणजे कुठल्या मॉडेलचे ब्रेक पाचव्या वर्षी कसे आहेत, हे सांगणारी आकडेवारी आपल्याकडे तयारच होत नाही. ही पोकळी मग परदेशी याद्यांनी भरली जाते. अमेरिकेतल्या यादीत होंडा कितवी आहे ते बघून इथे अमेझ घ्यायची की नाही ते ठरवतात, आणि अमेझ तर तिकडे विकतच नाहीत. (भारत एनकॅपचे तारे हा आणखी एक घोळ. ते धडक झाल्यावर आतला माणूस किती वाचेल ते सांगतात. पाच ताऱ्यांची गाडी दर पावसाळ्यात बंद पडू शकते आणि तारे पाचच राहतात.)

आता माझा मुख्य आक्षेप. ब्रँड बिघडत नाही, पार्ट बिघडतो. क्रमवारी मात्र ब्रँडची लागते.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे टोयोटा आणि जनरल मोटर्सचा भागीदारीतला कारखाना होता. तिथे टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझ्म (पुढे शेव्हरोले प्रिझ्म) या जवळजवळ जुळ्या गाड्या एकाच लाईनवर बनत. नट-बोल्ट तेच, कामगार तेच. तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात कोरोलाला जास्त पैसे मिळत. हा फरक फक्त पुढच्या बिल्ल्याचा होता.

याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल. पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं, आणि मारुतीसाठी परवान्यावर मानेसरलाही. स्विफ्टमध्ये त्याचं नाव डीडीआयएस, टाटाच्या व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट, फियाटच्या पुंटोमध्ये मल्टिजेट. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की गाडीवेड्यांनी त्याला ‘नॅशनल इंजिन’ म्हणायला सुरुवात केली. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि या इंजिनाचा मुक्काम संपला. आता या तीन गाड्यांच्या मालकांना विचारा. स्विफ्टवाला म्हणणार, दगड आहे दगड, फक्त तेल बदला. पुंटोवाला चालवण्याच्या गमतीवर दहा मिनिटं बोलणार आणि मग एक सुस्कारा सोडणार, कारण पार्ट आठवडाभर येत नाही आणि शहरातलं सर्व्हिस सेंटर बंद झालं. इंजिन एकच, पण ‘भरवसा’ दोन टोकांचा. स्विफ्टवाला इंजिनाबद्दल बोलतो असं आपल्याला वाटतं. खरं तर अर्धं श्रेय गल्लीबोळातल्या मारुतीच्या गॅरेजांचं असतं. चाकणला बनलेल्या व्हेंटो आणि रॅपिडचं, किंवा बलेनोला टोयोटाचा बिल्ला लावून आलेल्या ग्लान्झाचं तेच. यादीत वेगळ्या रांगा, लिफ्टवर चढवून खालून बघितलं तर एकच गाडी.

उलट बाजूही बघा. टोयोटा म्हणजे भरवशाचं दुसरं नाव. पण २०२४ मध्ये अमेरिकेत टोयोटानं टंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. नव्या ट्विन-टर्बो व्ही६ इंजिनात कारखान्यातला धातूचा कीस राहून गेला होता. त्यानं बेअरिंग जाऊन चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकत होतं. ब्रँडची सरासरी वरच राहिली. टंड्राच्या मालकाला त्या सरासरीचं काय करायचं? म्हणून यादी बघायची तर ब्रँडची रांग सोडून मॉडेलवर जा, आणि मॉडेलमध्येही इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीवर. एकाच गाडीचं साधं पेट्रोल-मॅन्युअल वर्षानुवर्षं तेल-फिल्टरवर निघतं आणि तिचंच टर्बो-ऑटोमॅटिक काम काढतं, असं वारंवार दिसतं.

मालकांच्या अनुभवाकडे वळू, कारण तोही काही धुतल्या तांदळासारखा नसतो.

समजा ‘अ’ गाडीचा गिअरबॉक्स तीन वर्षांत शंभरांत दोघांचा बिघडतो आणि ‘ब’ गाडीचा चौघांचा. ‘ब’ सरळ दुप्पट वाईट. तुमच्या ओळखीत ‘ब’चे दहा मालक आहेत. त्या दहांपैकी एकालाही त्रास झालेला नसण्याची शक्यता ६६ टक्के. आणि ‘अ’च्या दहा मालकांपैकी निदान एक रडत असण्याची शक्यता १८ टक्के. म्हणजे अख्ख्या सोसायटीला विचारूनही चांगली गाडी वाईट आणि वाईट गाडी चांगली दिसू शकते. कुणी खोटं बोललेलं नाही, माणसंच कमी पडली.

मेकॅनिकचा सल्ला आपण सोन्यासारखा मानतो. तो किमान पुष्कळ गाड्या बघतो. पण ‘माझ्याकडे सगळ्यात जास्त हीच येते’ यातून एवढंच कळतं की ती त्या भागात खपलेली आहे. रस्त्यावर एकूण किती, हा भाजक त्याच्याकडे नसतो. त्याला ‘कुठली गाडी वाईट’ विचारण्यापेक्षा ‘या मॉडेलचं कुठलं काम तुमच्याकडे पुन्हा पुन्हा येतं’ असं विचारा. तिथे त्याचं उत्तर कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा सरस असतं. ‘साठ हजारला मागचे बुश (सस्पेन्शनमधले रबरी तुकडे) जातात, एसीचा कंडेन्सर लीक होतो’ इतकं नेमकं तुम्हाला परदेशी यादी सांगणार नाही.

तक्रारी प्रसिद्धीनंही फुगतात. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा बातम्या सुरू झाल्या आणि सरकारी यंत्रणेकडे तक्रारींचा पूर आला. काही गाड्यांत खरा दोष होता. पायाखालची मॅट पेडलला अडकत होती, काही पेडल दाबल्यावर परत येत नव्हते, आणि त्यासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये भूत आहे हा संशय तपासायला नासाचे अभियंते बसले, आणि २०११ च्या त्यांच्या अहवालात तसा पुरावा मिळाला नाही.

आणि टॅक्सीवाले. ‘इनोव्हा पाच लाख चालते’ हे त्यांच्यामुळेच आपल्याला माहीत. ते ज्ञान खरंच आहे, फक्त आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. टॅक्सी सकाळी एकदा चालू होते आणि गरमच राहते, हायवेवर एका लयीत पळते, तेल वेळेवर पडतं. तुमची गाडी शाळा-भाजी-ऑफिस करते, इंजिन तापायच्या आत बंद होते. शिवाय रबर किलोमीटरनं जातं तसं वर्षांनीही जातं. आठ वर्षांत चाळीस हजार फिरलेल्या गाडीचे होज आणि बुश टॅक्सीच्या पाच लाखांकडे बघून टिकत नाहीत.

वापराचा हा फरक बीएस-६ डिझेलमध्ये सर्वात क्रूरपणे दिसतो. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला तो खूप तापावा लागतो, आणि त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालवणं लागतं. रोज नाशिक-पुणे करणाऱ्याला हे सगळं आपोआप होतं, त्याला डीपीएफ नावाची वस्तू गाडीत आहे हेही माहीत नसतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज पाच किलोमीटर रांगणाऱ्याच्या गाडीत काजळी जळायला सुरुवात होते न होते तोच ऑफिस येतं, इंजिन बंद. पुन्हा संध्याकाळी तेच. काही महिन्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही, सर्व्हिस सेंटरवाला लॅपटॉप जोडून उभ्या उभ्या अर्धा तास इंजिन रेस करून फिल्टर जाळून देतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोलावतो. मॉडेल तेच, वर्ष तेच. एकाच्या तोंडी ‘एक नंबर’, दुसऱ्याच्या तोंडी ‘डबा’. ब्रँडच्या क्रमवारीत या दोघांची सरासरी निघते आणि ती दोघांनाही लागू पडत नाही.

उंदरांनी वायरिंग कुरतडणं तर कुठल्याच यादीत नाही. तरी पावसाळ्यात कोकणात आणि पुण्याच्या निम्म्या सोसायट्यांत गाडी न सुरू होण्याचं ते एक चांगलं ठसठशीत कारण असतं, आणि खापर कंपनीवर फुटतं.

मग यादी आणि माणसं यांची सांगड घालायची कशी? माणसांना यादीचाच प्रश्न विचारायचा. ‘गाडी कशी आहे?’ विचारलं की माणूस आपल्या निर्णयाची बाजू मांडतो. आठ-दहा लाख घातलेत, तो वाईट कशाला म्हणेल? त्याऐवजी विचारा: गेल्या वर्षभरात ठरलेली सर्व्हिसिंग सोडून गाडी किती वेळा गॅरेजला गेली, कशासाठी, किती दिवस उभी राहिली, बिल किती झालं. रस्त्यात कधी सोडून यावं लागलं का? इंजिन आणि गिअरबॉक्स कुठला, रोजचं रनिंग किती, शहरात की हायवेला? पाच मालकांची अशी उत्तरं पन्नास ‘मस्त आहे’पेक्षा कामाची. त्यातही पाच वर्षांपुढच्या गाड्यांचे मालक शोधा. वॉरंटीत असलेल्या गाडीचं बिल कंपनी भरते, म्हणून तिच्या मालकाला बिघाड आठवतच नाही. आणि जे. डी. पॉवरचा अभ्यास तिसऱ्या वर्षी थांबतो, तर आपल्याकडे जुनी गाडी घेणाऱ्याची गोष्ट साधारण तिथूनच सुरू होते.

नवं मॉडेल आलं की पहिल्या वर्षी थांबणं हा सल्ला जुना आहे, पण सुबारूचा पहिला नंबर आणि टंड्राचं इंजिन दोन्ही त्याच्याच बाजूनं साक्ष देतात.

रिकॉलच्या, म्हणजे दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत नाव दिसलं म्हणून गाडी मात्र नाकारू नका. आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या स्वेच्छेनं रिकॉल जाहीर करत आल्यात. १ एप्रिल २०२१ पासून नियमही लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या सुरक्षेच्या दोषाबद्दल मालक वाहन पोर्टलवर तक्रार करू शकतो, आणि तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायला लावू शकतं. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते. जुनी गाडी घेताना आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. पहिल्या मालकाला आलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं, आणि फ्युएल पंप बदलायचा अजून बाकी असू शकतो.